वसतिगृहाची खोली : थोड्या पैशांत आणि तिघांच्या संमतीने

जून ते ऑगस्ट हा महाविद्यालयीन प्रवेशांचा हंगाम. या दिवसांत मालेगाव, बीड, परभणी, सोलापूर अशा ठिकाणांहून मुले-मुली पुण्याला शिकायला येतात आणि वसतिगृहात खोली मिळाली की दुसऱ्याच दिवशी खरेदीला बाहेर पडतात. बरोबर आई-वडील असतात. मुलाचे मन नव्या जागी रमावे म्हणून तेही हात आखडता घेत नाहीत, आणि दुकानदाराला हे चांगले ठाऊक असते. पण फी, अनामत रक्कम, खाणावळीचे आगाऊ पैसे, पुस्तके हे सगळे खर्च याच पंधरवड्यात एकदम अंगावर आलेले असतात. शिष्यवृत्तीची रक्कम पुष्कळदा सत्र बरेच पुढे गेल्यावर हाती पडते. तेव्हा जुलैत खोलीच्या हौसेवर गेलेले हजार-दीड हजार रुपये ऑक्टोबरात खाणावळीचे बिल भरताना आठवतात. एवढ्यासाठीच या विषयाला आम्ही या पानावर जागा दिली आहे. खाली पुण्यातील तिघांच्या खोलीचे उदाहरण घेतले आहे. दोघांच्या किंवा चौघांच्या खोलीलाही हाच हिशेब थोड्याफार फरकाने लागू पडेल.

आधी जागा मोजा

समजा खोली १० फूट बाय १२ फूट आहे, म्हणजे १२० चौरस फूट. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशा तीन खाटांनी ५४ चौरस फूट घेतले. तीन बाय दोनची तीन टेबले १८ फूट घेतात आणि तीन लहान कपाटे आणखी १३-१४ फूट. उरले सुमारे ३५ चौरस फूट. त्यातूनही दार उघडायला लागणारी जागा वजा करा. म्हणजे तिघांना मिळून चालण्या-वावरण्यासाठी एका खाटेहून थोडीशीच जास्त जमीन शिल्लक राहते. आता या जमिनीवर कोणी प्लॅस्टिकचा रॅक, कोणी बीन-बॅग, कोणी कृत्रिम फुलांची कुंडी आणून ठेवली तर खोली सजत नाही, नुसती भरते. आमचे मत स्पष्ट आहे : वसतिगृहाच्या खोलीत जमिनीवर उभी राहणारी एकही नवी वस्तू शक्यतो विकत घेऊ नये. जे काही करायचे ते खाटेखाली, खिडकीला, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि टेबलावर करावे. निदान एक जानमाज किंवा एक चटई पसरता येईल एवढी जमीन कायम मोकळी राहिली पाहिजे.

खाटेखालची जागा ही फुकटची कोठी. खाट ठेंगणी असेल तर चारही पायांखाली आडव्या विटा ठेवून ती उंच करतात. नेहमीची वीट आडवी ठेवली की सुमारे तीन इंच उंची मिळते. दोन विटांच्या वर मात्र जाऊ नये, खाट डुगडुगते. रेक्टरची परवानगीही आधी विचारून घ्यावी. या जागेत जुनी पत्र्याची ट्रंक उत्तम बसते. घरोघरी माळ्यावर पडलेली ही ट्रंक लोकांना हल्ली ओझे वाटते. पण तिला कुलूप लागते, पावसाळ्यात दमट हवा तिच्यात फारशी शिरत नाही, आणि वर सतरंजीची घडी टाकली की आलेल्या मित्राला बसायला आसन होते. डांबराच्या दोन गोळ्या कपड्यांत टाकल्या की काम झाले. घरची ट्रंक असताना बाजारातून झिपवाले कापडी कपाट आणणे आम्हाला पटत नाही. त्याची झिप बिघडली की वर्षभरात त्याला कोणी विचारत नाही.

पहिले पैसे दिव्यावर

खोलीची सजावट म्हटली की मुलांच्या डोळ्यांसमोर रंगीत दिव्यांच्या माळा येतात. माळेला आमचा विरोध नाही, तिला वीजही फारशी लागत नाही. पण तिघांच्या खोलीत खरी गरज असते ती ज्याचा त्याचा टेबल-लॅम्प असण्याची. एकाची परीक्षा उद्या, दुसऱ्याची पुढच्या आठवड्यात. मधली ट्यूबलाइट रात्री एक वाजेपर्यंत जळत राहिली की चौथ्या दिवशी भांडण ठरलेले. खाली तोंड असलेला, वर झाकण असलेला लॅम्प घ्यावा म्हणजे उजेड वहीवर पडतो, शेजाऱ्याच्या डोळ्यांवर नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा, हाताची सावली कागदावर पडत नाही. सात वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तरी महिन्याला साधारण एक युनिट वीज लागते. दिव्याच्या खोक्यावर रंगाचा आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे पांढराशुभ्र. वाचायला ४००० च्या आसपासचा बरा. ज्यांना खोली 'घरासारखी' वाटावी असे वाटते त्यांनी खाटेजवळ एखादा पिवळसर दिवा लावून पाहावा. त्या एका दिव्याने जेवढा फरक पडतो तेवढा शंभर शोभेच्या वस्तूंनी पडत नाही.

विजेच्या बोर्डाबाबत एक इशारा द्यायला हवा. साधा एक्स्टेन्शन बोर्ड बहुधा ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला त्याची मर्यादा १३८० वॅट होते. पाणी तापवायची सळई किंवा किटली १५०० वॅटची असली तर ती या मर्यादेबाहेर गेली. बोर्ड वितळण्याचे, जळका वास येण्याचे प्रकार यातूनच होतात. बहुतेक वसतिगृहांत अशा उपकरणांना बंदी असते ती काही उगीच नाही. लॅम्प आणि मोबाइल यांच्यासाठी बोर्ड घ्या, पण आयएसआय खुणेचा घ्या. येथे पंचवीस-पन्नास रुपये वाचवू नयेत.

गादी, चादर, पडदा

गादी शक्यतो घरून आणावी आणि ती कापसाची असावी. एका खाटेच्या गादीला साधारण ८ ते १० किलो कापूस लागतो. दोन-तीन वर्षांनी ती दबून कडक झाली तर फेकायची गरज नाही. पिंजून, नवी खोळ शिवून घेतली की पुन्हा पहिल्यासारखी होते. हलक्या फोमच्या गादीला एकदा खड्डा पडला की तो पडला. आपल्याकडे पिंजारी, नदाफ, मन्सुरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा केला. पूर्वी धनुकली घेऊन दारोदार फिरत, आता बरेच जण गाडीवर यंत्र घेऊन फिरतात. घरून निघण्यापूर्वी गादी अशा कारागिराकडून नीट करून घेणे हे नव्या गादीपेक्षा स्वस्त पडते, आणि पैसा गावातल्या कष्टकऱ्याच्या हाती जातो.

अंथरायला-पांघरायला सोलापुरी चादर आहेच. तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. वर्षानुवर्षे धुऊनही ती टिकते आणि दिवसा खाटेवर ताणून घातली की तीच पलंगपोस. तिघांनी एकाच रंगातल्या तीन चादरी घेतल्या तर खोली एका हाताने मांडल्यासारखी दिसते, आणि यात जास्तीचा पैसा एकही नाही. आईने किंवा आजीने शिवलेली गोधडी असेल तर ती ट्रंकेत लपवू नये. आज शहरातल्या मोठ्या दुकानांत तीच शोभेची म्हणून विकायला ठेवतात.

पडद्याचे कापड तयार घेण्यापेक्षा वारावर घ्यावे. खिडकी तीन फूट रुंद आणि चार फूट उंच असेल तर चुण्या पडण्यासाठी दुप्पट म्हणजे सहा फूट रुंदी लागते. ३६ इंच पन्ह्याचे दोन तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याची लांबी वरखालच्या दुमडीसह पाच फूट धरली तर एकूण दहा फूट, म्हणजे तीन मीटरच्या जरा वर. सुती कापड आटते, म्हणून शिवण्यापूर्वी पाण्यातून काढावे. कटपीसच्या दुकानात एवढा तुकडा सहज निघतो. मालेगाव, इचलकरंजीच्या मुलांना तर हे सांगायची गरजच नाही. रंग फिका निवडावा, दिवसा उजेड आत येतो आणि छोटी खोली मोठी भासते. खिळे न ठोकता पडदा लावायचा तर गजालाच दोरी बांधावी, किंवा चौकटीत ताणून बसणारा दांडा मिळतो तो घ्यावा.

भिंत आपली नाही

भिंतीला खिळा ठोकला, चिकटपट्टीने रंगाचे पोपडे निघाले, तर वर्षाअखेर अनामत रकमेतून पैसे कापले जातात. साध्या डिस्टेंपरच्या भिंतीवर 'खूण न राहणारी' म्हणून विकली जाणारी चिकटपट्टीसुद्धा रंग घेऊनच निघते. पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की ती आपोआप सुटते ते वेगळेच. त्याऐवजी कपाट आणि खिडकीचा गज यांमध्ये सुतळी ताणावी आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी छायाचित्रे, वेळापत्रक, नकाशे त्यावर लावावेत. खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन त्यावर उरलेले पडद्याचे कापड ताणून शिवले की टाचण्या टोचायचा फलक तयार होतो. टेबलाच्या मागे तो नुसता टेकून उभा राहतो. कणकेची खळ लावून कागद चिकटवू नयेत, झुरळांना ते आमंत्रण आहे. एक मध्यम आरसा मात्र जरूर घ्यावा आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला टांगावा, उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

जुने काय घ्यावे, काय घेऊ नये

मे महिन्यात शेवटच्या वर्षाची मुले घरी परततात, तेव्हा लॅम्प, बादल्या, खुर्च्या, बोर्ड अगदी थोड्या किमतीत सोडून जातात. तीच वस्तू जुलैत दुकानात पूर्ण किमतीला मिळते. नव्या मुलाला मे महिन्यात प्रवेशच मिळालेला नसतो हे खरे, पण गावचा एखादा मुलगा आधीपासून तेथे शिकत असतो. त्याला सांगून ठेवले तर तो बाजूला काढून ठेवतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजारही पाहण्यासारखा आहे. नवे पण किफायतशीर सामान, म्हणजे दोऱ्या, कड्या, कुलपे, प्लॅस्टिक, हवे असेल तर रविवार पेठेतील बोहरी आळीत जावे.

जुन्या मालाचा एक नियम पक्का ठेवावा. लोखंड, काच, प्लॅस्टिक जुने चालेल. गादी, उशी, गुबगुबीत खुर्ची, गालिचा जुना नको. कारण ढेकूण. एकदा खोलीत ढेकूण शिरले की तिघांच्या अंथरुणात जातात आणि औषधफवारणीचा खर्च वाचवलेल्या पैशांहून अधिक होतो. लाकडी वस्तूही सांधे आणि चिरा उन्हात नीट पाहूनच घ्यावी. काळे ठिपके दिसले तर परत ठेवावी.

वस्तू कोणाची ?

आता सर्वांत नाजूक गोष्ट. वर्गणी काढून वस्तू घेण्याची पद्धत दिसायला फार प्रेमाची. तिघांनी २००-२०० रुपये काढून ६०० रुपयांचा पडदा घेतला असे धरू. डिसेंबरात एकाला दुसरीकडे खोली मिळाली. तो आपले २०० मागतो. इतर दोघे म्हणतात, पडदा जुना झाला. नवा येणारा म्हणतो, मी कशाला देऊ? दोनशे रुपयांपायी वर्षभराची मैत्री अबोल्यात जाते. त्यापेक्षा एका वस्तूला एकच मालक असावा. एकाने पडदा घ्यावा, दुसऱ्याने आरसा आणि बोर्ड, तिसऱ्याने सतरंजी आणि घड्याळ. किमती साधारण सारख्या पडतील असे पाहावे. वापर तिघांचा, मालकी एकाची. जाताना ज्याने त्याने आपली वस्तू न्यावी. साबण, फिनेल, झाडू या संपणाऱ्या गोष्टींनाच वर्गणी ठीक.

एखादी मोठी वस्तू, उदाहरणार्थ १५०० रुपयांची पुस्तकांची लोखंडी मांडणी, एकट्याला झेपणारी नसेल तर पहिल्याच दिवशी तिचे आयुष्य ठरवावे. तीन वर्षे धरले आणि प्रत्येकाचे ५०० असले, तर एका वर्षाने जाणाऱ्याला दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ३३३ रुपये परत. दोन वर्षांनी १६७. एका कागदावर तारखेसह लिहून, तिघांनी सही करून तो कपाटाच्या दाराला आतून लावावा. पालकांनी हे स्वतः करून घ्यावे. मुले संकोचाने करत नाहीत.

छोट्या दुकानदारांनी पाहावे

महाविद्यालयांच्या आसपास ज्यांचे दुकान आहे त्यांना वर सांगितलेल्या मे आणि जुलैमधील फरकात धंदा दिसायला हवा. लॅम्प, बादली, आरसा, लोखंडी मांडणी अशा वस्तू मे महिन्यात मुलांकडून विकत घ्याव्यात, धुऊन-दुरुस्त करून जुलैत विकाव्यात. हिशेबासाठी नव्या वस्तूची किंमत १०० धरा. ४० ला घेतली, १० दुरुस्तीला गेले, ७० ला विकली, तर ५० च्या गुंतवणुकीवर २० सुटतात. त्यातून दोन महिन्यांचे जागेचे भाडे आणि फुटतूट वजा होईल. म्हणून जागा स्वतःची असेल तरच हात घालावा, आणि जी वस्तू एकावर एक रचता येत नाही ती घेऊ नये. विजेच्या वस्तू तपासून, आठ दिवसांची परतीची हमी देऊन विकाव्यात. ज्या मुलाला जुलैत लॅम्प विकला त्याचे नाव वहीत लिहून ठेवावे. तीन-चार वर्षांनी मे महिन्यात तोच लॅम्प परत घेऊन दुकानात येणारा बहुधा तोच असेल.