सुवर्णहंसाची गोदी

बँकॉकला गेलेला मराठी प्रवासी राजवाडा आणि वाट अरुण पाहतो, बाजारात हिंडतो आणि परततो. चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीराला, बँकॉक नॉई कालव्यावर शाही नौकांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिकडे सहसा कोणी वळत नाही. रस्त्याने जायचे तर वस्तीतल्या अरुंद गल्ल्या तुडवाव्या लागतात. पण आतल्या आठ नौका पाहिल्या की ही पायपीट सार्थकी लागते.

मानाची नौका सुपन्नहोंग. १९११ साली, राजा वजिरावुधच्या काळात ती पूर्ण झाली. लांबी सुमारे ४६ मीटर, रुंदी जेमतेम तीन. एवढी लांबलचक नौका पाण्यात अर्धा मीटरही बुडत नाही. नाळेवर मान उंचावलेला हंस आहे, ब्रह्मदेवाचे वाहन, आणि त्याच्या चोचीतून झुपका लोंबतो. जवळ जाऊन पाहावे: लाकडावर लाख, लाखेवर सोन्याचा वर्ख आणि मधूनमधून बसवलेले काचेचे बारीक तुकडे. वल्हवायला पन्नास जण, सुकाणूवर दोघे, शिवाय ताल धरणारा आणि गाणारा वेगळा.

शेजारी सात फण्यांचा अनंतनाग. दोन नाग धरलेला गरुड आणि पांढरा हनुमानही आपल्याला लगेच ओळखू येतात, कारण रामकथा इथे ‘रामकियेन’ होऊन नांदते आहे. गरुडाच्या खाली चक्क तोफेचे तोंड दिसते. मिरवणुकीतल्या या नौकांची परंपरा मुळात युद्धनौकांची आहे, याची ती उघड खूण.

दुसऱ्या महायुद्धात या नौकांच्या गोदीवर बॉम्ब पडले. त्याआधी १९३२च्या राज्यक्रांतीनंतर मिरवणुकाही थांबल्या होत्या. ललितकला खात्याने नौका दुरुस्त केल्या आणि १९५७मध्ये, बौद्ध शकाच्या पंचविसाव्या शतकाच्या सोहळ्यात, त्या पुन्हा नदीत उतरल्या. गरुडारूढ नारायणाची नौका तर राजा भूमिबोल यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी नव्याने घडवली गेली. जुने जपताना नवे घडवण्याची विद्याही राखली, हे या संग्रहालयाचे खरे मोठेपण.

२०२४च्या ऑक्टोबरात भिक्षूंना चीवरे अर्पण करण्यासाठी वाट अरुणपर्यंत मिरवणूक निघाली. बावन्न नौका आणि दोन हजारांवर वल्हेकरी, सगळे नौदलाचे. अशा वेळी नौका महिनोन्‌महिने दुरुस्तीत आणि सरावात गुंततात. म्हणून बँकॉकचा बेत आखताना संग्रहालय उघडे आहे का, याची आधी चौकशी करा. आणि उघडे असेल तर अर्धा दिवस राखूनच जा.