स्वस्त सोव्हिएत लेन्स घेताय? आधी फोकस तपासा!

अंगारकीला राजूरच्या गणपतीला (ता. भोकरदन, जि. जालना) भाविकांची मोठी गर्दी असते. मंद उजेडात ती फिल्मवर टिपायची, तर जास्त प्रकाश घेणारी लेन्स हवी. लायकाची लेन्स महाग. स्वस्त पर्याय म्हणजे जुनी सोव्हिएत ज्युपिटर-८.

ती बसते कशावर?
५० मिमी, एफ/२ची ही लेन्स जर्मन झाइस सोनारच्या रचनेवर बेतलेली आहे. ३९ मिमी आट्यांची ज्युपिटर फेड, झोर्की आणि जुन्या लायकावर बसते. लायका एमला अडॅप्टर लागतो. कीएव्ह कॅमेऱ्याची ज्युपिटर मात्र यांवर बसत नाही.

अडचण काय?
रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून पाहत नाही. लेन्स किती सरकली, त्यावरून कॅमेरा खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवतो. लायकाचा हिशेब सुमारे ५१.६ मिमीचा, सोव्हिएत लेन्सचा ५२.४ मिमीचा. त्यामुळे लायकावर जवळचा चेहरा खिडकीत जुळलेला दिसतो, फिल्मवर धूसर येऊ शकतो. रोल धुऊन येईपर्यंत ते कळत नाही. फेड-झोर्कीवर हा फरक नसतो.

काय कराल?
● लेन्समधून टॉर्च मारा. बुरशीचे जाळे दिसले तर घेऊ नका.
● एक मीटरवर मोजपट्टी तिरपी ठेवा. मधल्या आकड्यावर फोकस करून एफ/२ आणि एफ/८ला फोटो काढा.
● एफ/२ला दुसराच आकडा स्पष्ट आला, तर जाणकाराकडून लेन्स जुळवून घ्या.
● तोवर भर उन्हात एफ/८ वापरा. चूक बरीच झाकली जाते.

ही चाचणी यात्रेआधीच करा. दर्शनाचा तो क्षण पुन्हा मिळत नाही.