अभियांत्रिकी प्रवेश: कागद, पसंतीक्रम आणि साथ

महाराष्ट्रात बारावी विज्ञाननंतर अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या मुलामुलींचा प्रवेश ‘कॅप’मधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून होतो. ही प्रक्रिया राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘सीईटी सेल’, चालवतो. खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांतील प्रवेश आणि शुल्क यांवर नियंत्रण ठेवण्यासाठी २०१५ साली झालेल्या कायद्याने या कक्षाला अधिकार दिले. पुण्याचे १८५४ पासूनचे सीओईपी, मुंबईचे १८८७ चे व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद आणि तालुक्याच्या गावाबाहेर नव्याने उभे राहिलेले खाजगी कॉलेज, या सगळ्यांतल्या कॅपच्या जागांसाठी एकच अर्ज, एकच गुणवत्ता यादी आणि एकच पसंतीक्रम लागतो. वशिल्याला यात फारसा वाव नाही, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. पण सगळी जबाबदारी सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यावर येते, आणि ज्याच्या घरात यापूर्वी कोणी कॉलेजात गेलेले नाही त्याला ती एकट्याने पेलणे कठीण जाते.

प्रवेशाचा पाया एमएचटी-सीईटी. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे, असे एकूण २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर आणि बाकीचे बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. परीक्षा संगणकावर, अनेक दिवस आणि अनेक सत्रांत होते. प्रत्येक सत्राची काठिण्यपातळी वेगळी असल्याने निकाल गुणांत न देता पर्सेंटाइलमध्ये देतात. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ ९० टक्के गुण असा नाही; परीक्षा देणाऱ्यांपैकी ९० टक्के विद्यार्थी त्या विद्यार्थ्याच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा तीन लाख मुले परीक्षेला बसली, तर ९० पर्सेंटाइलच्या मुलाच्या पुढे सुमारे ३० हजार मुले असतात आणि ९९ पर्सेंटाइलच्या मुलाच्या पुढे सुमारे ३ हजार. हा हिशेब निकालाच्या दिवशीच घरी समजावून सांगितला, तर आधी पेढे आणि महिन्याभराने रडारड हा प्रकार टळतो. बारावी बोर्डाच्या गुणांचे महत्त्वही संपलेले नाही. भौतिकशास्त्र, गणित आणि तिसऱ्या मान्य विषयात मिळून किमान ४५ टक्के, राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना ४० टक्के, मिळाले नाहीत तर सीईटीतले पर्सेंटाइल कामाला येत नाही.

सर्वांत जास्त नुकसान मात्र कागदांपायी होते. ते खरोखर टाळता येण्यासारखे असल्याने अधिक बोचते. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यालाही दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्वाचा पुरावा आणि बहुतेक वेळा डोमिसाईल म्हणजे अधिवास प्रमाणपत्र लागते. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर जातीचा दाखला, त्याची वैधता, आणि विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग व इतर मागासवर्ग यांना नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्रही हवे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी वेगळे पात्रता प्रमाणपत्र असते. हे सगळे दाखले वेगवेगळ्या कार्यालयांतून, वेगवेगळ्या मुदतींचे आणि वेगवेगळ्या पुराव्यांवर मिळतात.

यांत सर्वाधिक वेळ खाते ती जात वैधता. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो, पण व्यावसायिक प्रवेशासाठी तो पुरत नाही. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती कुटुंबाचे जुने पुरावे तपासून वैधता देते. अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र समित्या आहेत. पुरावा किती जुना हवा हे प्रवर्गावर ठरते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव तारखा आहेत. त्या तारखेपूर्वी कुटुंबाचे वास्तव्य कोठे होते आणि जातीची नोंद काय होती, हे दाखवावे लागते. म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, तहसीलमधली कोतवाल बुकाची नक्कल, जुने महसुली कागद, वंशावळीचे शपथपत्र. आजोबा शाळेत गेलेच नसतील, कुटुंब ऊसतोडीला किंवा शहरात कामाला फिरत राहिले असेल, तर हे पुरावे शोधण्यात महिने जातात. वडिलांकडच्या रक्तनात्यातील कोणाकडे आधीच वैधता असेल तर काम बरेच सोपे होते. म्हणून चुलत्याला, आत्याला विचारणे हे या प्रक्रियेतले पहिले पाऊल ठरते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना कनिष्ठ महाविद्यालयामार्फत, अकरावी-बारावीत असतानाच वैधतेचा अर्ज करता येतो. जो वर्गशिक्षक अकरावीच्या जुलै महिन्यात वर्गात उभा राहून ‘कोणाकोणाची व्हॅलिडिटी बाकी आहे?’ असे विचारतो, तो मुलांचे जेवढे भले करतो तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या तासाने होते.

नॉन-क्रिमी लेयरची मुदत हा दुसरा सापळा. घरात दाखला असतो, पण तो गेल्या वर्षीच संपलेला असतो. संबंधित प्रवेशवर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलाच दाखला चालतो. अर्जाची पावती जोडून तात्पुरता दावा करू देण्याची सोय केली जाते आणि पुष्कळदा मुदतवाढही मिळते. पण अंतिम मुदतीत मूळ प्रमाणपत्र आले नाही, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो आणि हातातली जागा जाऊ शकते. नावातला फरक हा तिसरा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे. अर्ज कसाबसा पार पडतो, पण शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात जमा होताना अडकतात. ही दुरुस्ती उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकावी, कारण जूनमध्ये सेतू केंद्रावर सगळ्या तालुक्याची रांग लागलेली असते.

नोंदणी ऑनलाइन होते. कागदांची तपासणी ई-स्क्रूटिनीने घरबसल्या करून घेता येते किंवा सुविधा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन. ज्यांच्या कागदांत काही गुंता आहे त्यांनी केंद्रावर जाणेच बरे. समोरासमोर शंका फिटते. मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात आणि त्यानंतर अंतिम यादी येते. तात्पुरत्या यादीत स्वतःचे नाव, प्रवर्ग, लिंग, विद्यापीठ क्षेत्र या सर्व नोंदी बारकाईने पाहायला हव्यात. सायबर कॅफेवाल्याने घाईत चुकीचा पर्याय निवडलेला याच टप्प्यावर लक्षात आला तर दुरुस्त होतो.

यानंतर येतो ऑप्शन फॉर्म. विद्यार्थ्याला कॉलेज आणि शाखा यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने द्यायच्या असतात. बहुतेक घरे गेल्या वर्षीचा कटऑफ समोर घेऊन बसतात. ते योग्यच आहे, पण कटऑफ वाचता यायला हवा. तो त्या फेरीत त्या जागेवर प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे पर्सेंटाइल दाखवतो. त्यावरच्या संकेतांत ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण आणि ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव. मधल्या अक्षरांत प्रवर्ग. शेवटी ‘एच’ असेल तर त्याच विद्यापीठ क्षेत्रातले, ‘ओ’ असेल तर बाहेरच्या क्षेत्रातले आणि ‘एस’ असेल तर राज्यपातळीवरचे उमेदवार. अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलीने पुण्याच्या कॉलेजचा ‘एच’चा आकडा पाहून आशा किंवा निराशा बाळगण्यात अर्थ नाही, तिला ‘ओ’चा आकडा लागू होतो. ‘टीएफडब्ल्यूएस’ या जागांवर शिक्षण शुल्क माफ असते, त्यामुळे त्यांचा कटऑफ त्याच शाखेच्या नेहमीच्या जागांपेक्षा बहुधा चढा राहतो.

जागा कशी मिळते हे समजले की पसंतीक्रमाची निम्मी भीती जाते. संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेक उमेदवार घेतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि त्याला लागू असलेल्या कोणत्याही गटात जिथे पहिली जागा शिल्लक दिसेल ती देतो. अवघड कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिले आणि ते मिळाले नाही, तर दुसऱ्या क्रमांकावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तरीही ‘मिळणार नाही ते कशाला लिहायचे’ म्हणून हमखास मिळणारे कॉलेज सर्वांत वर लिहिले जाते. मग संगणक तेच देतो. यादीचा क्रम आवडीचा असावा. मिळण्याची शक्यता फक्त यादी किती खाली न्यायची हे ठरवण्यासाठी वापरावी. यादी लांब असावी, आणि जिथे पाऊल ठेवायचे नाही असा एकही पर्याय तिच्यात नसावा.

‘ऑटो फ्रीज’च्या नियमामुळे हे आणखी महत्त्वाचे झाले आहे. २०२५-२६ पासून अभियांत्रिकीच्या चार फेऱ्या ठेवल्या गेल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळाली, तर ती आपोआप फ्रीज होते. ती घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांची वाट बंद. त्याखालच्या पसंतीची जागा मिळाली तर ती हातात ठेवून पुढच्या फेरीत बेटरमेंटची वाट पाहता येते. वरची जागा मिळताच आधीची आपोआप सुटते. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका विद्यार्थी आणि पालकांनी एकत्र बसून वाचणे अपरिहार्य आहे. मित्राच्या दादाने दोन वर्षांपूर्वी काय केले होते, यावर विसंबून चालत नाही.

शाखा निवडताना घरातली चर्चा बहुतेक वेळा कॉम्प्युटरपाशी सुरू होऊन तिथेच संपते. मुलाला यंत्रे उघडून बघण्यात रस असेल तर चांगल्या कॉलेजातले मेकॅनिकल हे जेमतेम कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा त्याच्या अधिक हिताचे आहे. कॉलेज पाहायला जावे ते सत्र चालू असताना. प्रयोगशाळा उघड्या आहेत का, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले काय सांगतात, वसतिगृहात खरोखर जागा आहे का, हे विचारावे. गावाकडच्या मुलासाठी पुण्या-मुंबईतली खोली आणि मेस यांचा वर्षाचा खर्च सवलतीनंतरच्या शुल्कापेक्षा जास्त होऊ शकतो. तो हिशेब ऑप्शन फॉर्म भरण्यापूर्वी झाला पाहिजे.

शुल्काबाबत चांगली बातमी पुरेशी पोचलेली नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. मुलग्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, राहण्या-जेवणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीतील विद्यार्थ्यांसाठी स्वाधार अशा योजना आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’ या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर करायचे असतात. एक अट मात्र ठळकपणे सांगायला हवी: मुलींची शुल्कसवलत कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच मिळते. खाजगी विनाअनुदानित कॉलेजातल्या संस्थास्तरावरील २० टक्के जागांवर, म्हणजे लोक ज्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात तिथे, प्रवेश घेणारी मुलगी या सवलतीला मुकते. घाबरून पहिल्याच आठवड्यात मॅनेजमेंटची जागा ‘बुक’ करणाऱ्या कुटुंबाला हे कोणी सांगत नाही. ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त रक्कम मागणे १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही नाही.

या माहितीच्या टंचाईवर आता एक बाजार उभा राहिला आहे. नुसता ऑप्शन फॉर्म भरून देण्यासाठी हजारो रुपये घेणारे सल्लागार शहरोशहरी आहेत. काही जण मन लावून काम करतात, पण सगळ्यांना एकच छापील यादी देणारेही आहेत, आणि विशिष्ट कॉलेजांकडे मुले वळवणारेही. लॉगिनचा पासवर्ड परक्याच्या हाती देणे तर सरळ धोक्याचे आहे. फॉर्म त्यानेच लॉक केला की विद्यार्थ्याच्या हाती काही उरत नाही. वस्तुतः या कामाला लागणारी सर्व माहिती सीईटी सेलच्या संकेतस्थळावर विनाशुल्क मिळते. ती समजावून सांगणारे माणूस हवे, आणि ते कनिष्ठ महाविद्यालयातच मिळायला हवे.

बारावीचा निकाल लागला की कनिष्ठ महाविद्यालयाचा त्या मुलांशी संबंध संपतो, ही आजची स्थिती आहे. नेमके त्याच वेळी मुलांना कोणाची तरी गरज असते. जून ते ऑगस्ट या काळात इंटरनेट असलेली एक खोली, कॅपचे नियम वाचलेले दोन शिक्षक आणि गेल्या वर्षी प्रवेश घेतलेली चार-पाच मुले एवढ्यावर हे काम होते. निर्णय मुलाचाच राहावा, शिक्षकाने फक्त परिणाम समजावून सांगावेत. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने येत्या जूनपासून ही खोली उघडावी, आणि पालकांनी प्रवेशाच्या वेळीच, अकरावीत, ती आहे का असे विचारावे.