विश्लेषण : देवराष्ट्रेची ‘मिनी जीप’, महिंद्रा आणि एक अमेरिकी कंपनी... ‘जीप’ नेमकी कुणाची?

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावात भंगारातून तयार झालेली एक चारचाकी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवीकोरी बोलेरो देऊ केली आणि महिन्याभरात ही अदलाबदल झालीही. त्या गाडीच्या चित्रफितीवर लिहिताना महिंद्रा यांनी एका गोष्टीचा खास उल्लेख केला होता : समोरची जाळी ओळखीची वाटते. ती ओळखीची असणारच. पण उभ्या फटींची ही जाळी आणि दोन गोल दिव्यांचा हा चेहरा मुळात महिंद्रांचाही नाही. तो अमेरिकेतील विलीज-ओव्हरलँड या कंपनीच्या नावावर जमा आहे. आणि त्या कंपनीचा तरी तो पुरता होता का, यावर अमेरिकेतच वाद झाला.

देवराष्ट्रेत काय घडले?

कडेगाव तालुक्यातील या गावात लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने मुलाच्या हौसेखातर गाडी बनवायला घेतली. जुन्या, मोडीत निघालेल्या वाहनांचे भाग, दुचाकीचे इंजिन आणि घरच्या घरी ठोकून-जोडून केलेला सांगाडा. खर्च साधारण ६० हजार रुपये. गाडी सुरू करायची तर दुचाकीसारखी किक मारावी लागे. तिला त्याने रूप दिले ते जीपचे; कारण या भागात लहान मुलाला गाडीचे चित्र काढायला सांगितले, तर कित्येकदा तेच निघते.

महिंद्रा यांनी कौतुक केले, पण सोबत एक इशाराही दिला. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर अडवतील, तेव्हा ती आम्हाला द्या आणि बोलेरो घ्या. घरात लक्ष्मी आणणारी गाडी द्यायची कशी, म्हणून कुटुंब आधी कचरले. जानेवारी २०२२ मध्ये मात्र बोलेरो दारात आली आणि मिनी जीप महिंद्रा कंपनीच्या ताब्यात गेली.

विलीज-ओव्हरलँड कोण?

जॉन नॉर्थ विलीज हे मोटारी विकणारे व्यापारी. त्यांनी १९०८ मध्ये अडचणीत आलेली ओव्हरलँड कंपनी हाती घेतली आणि ओहायो राज्यातील टोलेडो शहरात बस्तान बसवले. १९१२ पासून कंपनीचे नाव विलीज-ओव्हरलँड झाले. त्या दशकात मोटारींच्या संख्येत तिच्या पुढे फक्त फोर्ड होती. जनरल मोटर्सच्या निरनिराळ्या नाममुद्राही, एकेकट्या मोजल्या तर, तिच्या मागे होत्या.

पुढे महामंदी आली आणि १९३३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या वाटेला लागली. ती सावरली, पण जेमतेम. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलक्या, चारही चाके फिरवणाऱ्या गाडीची गरज भासली नसती, तर हे नाव आज फक्त जुन्या गाड्यांच्या शौकिनांनाच ठाऊक असते.

जीप कुणाच्या डोक्यातून निघाली?

जीपच्या इतिहासातील हा सर्वांत रंजक आणि विलीजसाठी सर्वांत अडचणीचा भाग आहे.

जुलै १९४० मध्ये लष्कराने १३५ कंपन्यांना विचारणा केली. वजन सुमारे ५९० किलोपेक्षा जास्त नको आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा, अशा अटी होत्या. बहुतेकांनी त्या वाचून कागद बाजूला ठेवले. पुढे आल्या दोनच कंपन्या : विलीज आणि पेनसिल्व्हेनियातील अमेरिकन बँटम ही छोटी कंपनी. विलीजने जास्त मुदत मागितली. बँटमने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, मेरीलँडमधील लष्करी तळावर गाडी उभी केली.

वजनाची अट अर्थातच पाळली गेली नव्हती. पण गाडी चढणीवर, चिखलात, दगडधोंड्यांत अशी काही धावली की अटच बदलावी लागली.

मग लष्कराने एक गोष्ट केली, जी बँटमला कायमची लागली. तिचा आराखडा विलीज आणि फोर्डलाही पाहू दिला. बँटम छोटी होती, युद्धाच्या प्रमाणावर गाड्या पुरवणे तिला झेपणार नाही, असे लष्कराचे म्हणणे होते. म्हणणे व्यवहाराचे होते. न्यायाचे होते का, हा वेगळा प्रश्न.

तिन्ही कंपन्यांच्या नमुन्यांत विलीजची गाडी वजनदार होती, पण तिच्याकडे ६० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि त्या ताकदीपुढे बाकीच्या दोन्ही फिक्या पडल्या. लष्कराने नंतर ठरवलेल्या सुमारे ९८० किलोच्या मर्यादेत ती बसवण्यासाठी विलीजचे मुख्य अभियंता डेल्मार ‘बार्नी’ रूस यांनी गाडी सुटी केली आणि एकेक भाग हलका केला. बोल्टच्या लांबीपासून रंगाच्या थरापर्यंत काटछाट झाली. अखेर कंत्राट विलीजला मिळाले. मागणी इतकी वाढली की फोर्डनेही तोच आराखडा वापरून गाड्या बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. बँटमच्या वाट्याला जेमतेम पावणेतीन हजार गाड्या आल्या आणि नंतर जीपला जोडायच्या ट्रेलरवर तिला समाधान मानावे लागले.

समोरच्या जाळीचेही असेच. विलीजच्या सुरुवातीच्या गाड्यांवर लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. पत्र्यातच उभ्या फटी कापायची स्वस्त युक्ती फोर्डची. त्या फटी नऊ होत्या. युद्धानंतर १९४५ मध्ये विलीजने नागरिकांसाठी जीप काढली, तिचे दिवे मोठे होते. त्यांना जागा करून देताना फटी सात उरल्या. आज ‘सात फटी’ ही जीपची निशाणी मानली जाते. तिच्या मुळाशी फोर्डची काटकसर आहे.

युद्ध चालू असतानाच विलीजने जाहिरातींतून जीपचे जनकत्व स्वतःकडे घेतले. त्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार गेली आणि १९४८ मध्ये आयोगाने निर्णय दिला : जीपची कल्पना बँटमची आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांची, विलीजने ती आपणच निर्माण केल्याचे सांगू नये. तरीही १९५० मध्ये ‘जीप’ या नावाचा नोंदणीकृत हक्क विलीजलाच मिळाला. बँटम तोवर मोटारींच्या धंद्यातून बाहेर पडली होती.

‘जीप’ हा शब्द कुठून आला, यावर एकमत नाही. काहींच्या मते तो लष्करी अद्याक्षरांचा अपभ्रंश. काहींच्या मते पॉपाय या चित्रकथेत १९३६ मध्ये अवतरलेल्या, कुठूनही कुठेही जाऊ शकणाऱ्या जीप नावाच्या प्राण्यावरून तो सैनिकांच्या तोंडी बसला.

भारतात ती कशी आली?

पहिल्यांदा आली ती युद्धासोबत. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या, तिथे दोस्त सैन्याच्या दिमतीला जीप होत्या. साताऱ्याजवळचे अपशिंगे ‘मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा गावांच्या मुलखात ही गाडी आधी फौजेच्या नात्याने पोहोचली.

स्वतंत्र भारतात मात्र जीपचे नाव प्रथम गाजले ते घोटाळ्यात. काश्मीरमधील लढाईच्या वेळी, १९४८ मध्ये, लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी जुन्या जीप घेण्यासाठी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. प्रत्यक्षात १५५ गाड्या आल्या आणि त्याही वापरण्याजोग्या नसल्याची ओरड संसदेत झाली. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. मेनन पुढे संरक्षणमंत्री झाले. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर त्यांना जावे लागले आणि त्यांच्या जागी दिल्लीला गेले यशवंतराव चव्हाण. त्यांचा जन्म १९१३ चा, देवराष्ट्रेचा. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते.

कारखान्याच्या वाटेने जीप आणली महिंद्रांनी. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. विलीजशी करार करून १९४९ मध्ये मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात झाली. योगायोग असा की त्याच वर्षी संस्थानांच्या विलीनीकरणात जुन्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले. दक्षिण साताऱ्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले १९६० मध्ये.

भारतात सर्वांत जास्त रुजली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. इथे तिची वंशावळ पुढे अनेक दशके चालली.

‘वडाप’ हा विलीजचाच वारसा कसा?

जीपचे पेट्रोल इंजिन दणकट होते, पण पिणारे होते. म्हणून ती बराच काळ सरकारी खात्यांची, साखर कारखान्यांची आणि पुढाऱ्यांची गाडी राहिली. महिंद्राने तिच्यात आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातले आणि नंतर फ्रान्सच्या प्युजोचे डिझेल इंजिन बसवले, तेव्हा हिशेब बदलला. चेसिस लांब झाली, मागे समोरासमोर बाके आली आणि कमांडर, मार्शल ही नावे गावोगावच्या फाट्यांवर ऐकू येऊ लागली. जोडीला पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स होतीच.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात या वाहतुकीला ‘वडाप’ म्हणतात. वेळापत्रक नाही, गाडी भरली की निघते. भरली म्हणजे किती, हे ज्याने ड्रायव्हरच्या उजव्या हाताला बसून प्रवास केला आहे त्यालाच विचारावे. एसटीचे उत्पन्न बुडवणारी, परवान्याबाहेर माणसे कोंबणारी म्हणून वडापवर कारवाईही होत आली आहे. तरीही देवराष्ट्रेची मिनी जीप गाजली त्याच हिवाळ्यात एसटी कर्मचाऱ्यांचा संप लांबला होता आणि दुर्गम वाड्यांवरच्या माणसांना आधार होता तो याच गाड्यांचा.

या साऱ्यात एका नोंदणीकृत नावाचे सामान्यनाम झाले. गाडी कुणाचीही असो, बातमीचा मथळा ‘जीप दरीत कोसळली’ असाच येतो. कोणत्याही कंपनीसाठी ही कीर्तीची परिसीमा आहे आणि तिच्या वकिलांसाठी डोकेदुखी.

मग अमेरिकेत महिंद्रालाच का रोखले?

विलीज कंपनी १९५३ मध्ये कैसरने घेतली. नंतर जीप अमेरिकन मोटर्सकडे गेली (१९७०), तिथून क्रायस्लरकडे (१९८७). क्रायस्लरचे मालक बदलत गेले : डाइमलर, एक गुंतवणूक कंपनी, मग फियाट. २०२१ पासून ही नाममुद्रा स्टेलँटिसची आहे. ज्या कंपनीने महिंद्राला परवाना दिला, ती केव्हाच उरली नव्हती. नाव आणि चेहऱ्याचा हक्क मात्र हातोहात पुढे सरकत राहिला.

२०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत ‘रॉक्सर’ ही शेत-रानात फिरवायची गाडी आणली. ती जुन्या जीपच्याच घडणीची. तिची जुळणी होई मिशिगनमधील ऑबर्न हिल्स येथे, म्हणजे थेट क्रायस्लरच्या मुख्यालयाच्या गावात. त्याच वर्षी फियाट क्रायस्लरने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. चौकोनी अंग, सपाट उभ्या बाजू, समोरचा चेहरा हे सारे जीपचे म्हणून ग्राहक ओळखतात, असा त्यांचा दावा होता. २००९ मध्ये दोन्ही बाजूंत झालेल्या कराराकडे महिंद्राने बोट दाखवले. जून २०२० मध्ये आयोगाने मूळ रॉक्सरविरुद्ध आदेश दिला. समोरचा भाग बदललेल्या नव्या रॉक्सरला डिसेंबरमध्ये मोकळीक मिळाली. न्यायालयातील वाद त्यानंतरही चालू राहिला.

कायद्याच्या चौकटीत हा निकाल समजण्यासारखा आहे. पण बँटमचा आराखडा, फोर्डची जाळी आणि ७० वर्षे जीपच्या घडणीच्या गाड्या बनवणारी मुंबईची कंपनी हे सगळे समोर ठेवले, तर ‘मूळ’ हा शब्द बराच पातळ होतो.

अस्सल जीप आता कुठे बनते?

साताऱ्याहून फार लांब नाही. पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात, टाटा आणि फियाट यांनी भागीदारीत उभारलेल्या, २०१७ पासून जीप कंपास तयार होते. सात फटी तिच्यावर आहेत. वडापला मात्र ती कधी लागणार नाही. ती शहरी, सुखवस्तू ग्राहकाची गाडी आहे. खेड्यातली जागा बोलेरोने घेतली आहे.

घरची जीप रस्त्यावर का आणता येत नाही?

आपल्याकडे नव्या घडणीचे वाहन विकण्या-चालवण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून त्याच्या नमुन्याची चाचणी व्हावी लागते. ब्रेक, दिवे, धूर, आसनांची बळकटी असे सारे त्यात तपासले जाते. हा खर्च मोठ्या कारखान्याला परवडतो. एकच गाडी बनवणाऱ्याला नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील बदलांनाही लगाम घालते. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे भंगारातून जन्मलेल्या गाडीला सांगलीचा ‘एमएच १०’ क्रमांक मिळणे जवळपास अशक्य. ब्रेक निकामी झालेली गाडी बाजारपेठेत काय करू शकते हे लक्षात घेतले, तर नियमाला दोष देता येत नाही.

अडचण अशी की शिकून-करून पाहणाऱ्यासाठी मधली पायरीच नाही. शेजारच्या पलूस तालुक्यात १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिला औंध संस्थानाने आधार दिला होता. देवराष्ट्रेच्या कारागिराला मिळाली ती बोलेरो. त्याची गाडी चेन्नईजवळच्या महिंद्राच्या संशोधन केंद्रात, कंपनीच्या वाहनसंग्रहात ठेवली जाईल, असे महिंद्रा यांनी तेव्हा सांगितले होते. आपल्या अभियंत्यांना कमी साधनांत जास्त काही करण्याची प्रेरणा मिळावी, हे त्यांनी दिलेले कारण.