दाराशी काय ठेवावे आणि काय ठेवू नये



ऊस नोंदीच्या निमित्ताने आम्ही वस्त्यावस्त्यांवर फिरतो. गेलो की बसायला सोप्यातच मिळते, त्यामुळे आपल्या कार्यक्षेत्रातले सोपे आम्ही जेवढे पाहिलेत तेवढे पाहुण्या-रावळ्यांनीही पाहिले नसतील. त्या पाहण्यातून जे सुचले ते आज लिहितो आहोत. विषय साधा आहे: रानातून आलेला माणूस दाराशी पोचला की हातातल्या वस्तू ठेवतो कुठे?

जुन्या घरात याचा विचार भिंत उभी करतानाच झालेला असे. दोन-अडीच फूट जाडीची भिंत, तिच्या पोटात कोनाडे, देवळ्या, एखादे फडताळ. खुंट्या बांधकाम चालू असतानाच बसवलेल्या. कासरा एका खुंटीवर, घोंगडे दुसऱ्या खुंटीवर, खुरपी कोनाड्यात. घरातल्या आंधळ्या म्हातारीलाही कुठे काय आहे ते ठाऊक असायचे. आता स्लॅबची घरे झाली, चांगलेच झाले. पण नवी भिंत सहा किंवा नऊ इंचांची. तिच्यात कोनाडा निघत नाही, आणि नव्या रंगावर खिळा ठोकायला घरची माणसं देत नाहीत. मग कोयता खिडकीत, बॅटरी टीव्हीवर, चपलांचा ढीग उंबऱ्यात आणि खताची अर्धी गोणी दाराआड.

पसारा दिसतो एवढ्यासाठीच लिहायचे असते तर आम्ही शाई खर्च केली नसती. एका सभासदाच्या घरी बसलो असताना त्यांच्या नातवाने पाहुण्यांना पाणी म्हणून खिडकीतली सरबताची बाटली उचलली. आजी ओरडल्या म्हणून पोर थांबले. बाटलीत टू-फोर-डी तणनाशक होते, उरलेले म्हणून ओतून ठेवलेले. सगळ्यांनी ते हसण्यावारी नेले, आम्हीही चहा घेतला, पण तो घशाखाली उतरला नाही. त्या बाटलीत पॅराक्वाट असते तर? त्यावर आजही उतारा नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की औषधे सोप्यात नकोतच. माळ्यावर नकोत, जिन्याखाली नकोत, धान्याच्या खोलीत तर मुळीच नकोत. गोठ्याच्या किंवा मोटारीच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला, ऊन-पाऊस लागणार नाही अशा जागी, पत्र्याचे छोटे कपाट बसवून घ्यावे. दोन फूट रुंद, दीड फूट खोल, तीन फूट उंच पुरते. तळ जमिनीपासून चार फुटांवर, वर हवेसाठी भोके, आणि कडी-कुलूप. पातळ औषध खालच्या फळीवर, भुकटी वरच्या, म्हणजे गळले तर भुकटी खराब होत नाही. औषध ज्या डब्यात आले त्यातच राहू द्यावे, कारण लेबल डब्यावर असते आणि प्रसंग आलाच तर डॉक्टर आधी लेबलच मागतात. लेबलवरच्या चौकोनातल्या खालच्या त्रिकोणाचा रंग बघायची सवय लावा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र नाही. कपाट करताना जुनी औषधेही बाहेर काढा. फोरेटच्या वापरावर २०२० च्या अखेरीस बंदी आली, तरी त्याच्या अर्ध्या पिशव्या अजून कित्येकांच्या माळ्यावर आहेत. त्या ओढ्यात टाकू नका, काय करायचे ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा. फवारणीचे कपडे अडकवायला त्या कपाटाशेजारीच एक खुंटी ठोकावी. ते कपडे उंबऱ्याच्या आत येऊ नयेत.

आता सोप्याकडे वळू. जिथे विजेची रात्रपाळी असते तिथे दारं धरायला रात्री-अपरात्री उठावे लागते. झोपेतून उठलेल्या माणसाला चार वस्तू अंधारात चाचपून मिळाल्या पाहिजेत: बॅटरी, काठी, गमबूट, मोटारीच्या खोलीची चावी. दिवा लावून शोधायची पाळी आली तर तो वैतागून चपलेवरच जातो, आणि उसाच्या सरीत घोणस वाट बघत नसली तरी वाटेत असतेच. म्हणून दारातून बाहेर पडताना उजव्या हाताला, पाच फूट उंचीवर, सागाची चार इंची पट्टी आडवी बसवून तिला पाच-सहा खुंट्या घ्याव्यात. पट्टी प्लग आणि स्क्रूने बसते, रंग एकदाच बिघडतो. पहिली खुंटी बॅटरीची, आणि ती कोणी बदलायची नाही. याच पट्टीखाली तीन फुटांवर दुसरी छोटी पट्टी पोरांच्या दप्तरांसाठी घ्या. पोराचा हात पोचला तर दप्तर खुंटीवर जाते, नाही तर ते जमिनीवर पडते. यात पोराचा दोष नाही.

कोयते व खुरपी या पट्टीवर नकोत. त्यांच्यासाठी सहा फुटांवर लाकडी फळीला खाचा पाडून पाते भिंतीकडे राहील असे ठेवावे.

चपलांसाठी कडाप्प्याच्या तीन फळ्या उत्तम. स्वयंपाकघराचा ओटा करताना उरलेले तुकडे चालतात, वाळवी लागत नाही, ओले झाले तरी फुगत नाहीत. खोली बारा इंच, दोन फळ्यांत सात इंच अंतर, साडेतीन फूट लांबीत चार-पाच जोड बसतात. सर्वांत खालची फळी जमिनीपासून नऊ इंच वर घ्या. गवंडी म्हणेल, 'एवढी जागा कशाला फुकट घालवताय?' ऐकू नका. तिथून केरसुणी फिरली पाहिजे. अंधारी, ओलसर, झाडलोट न होणारी जागा विंचवाला फार आवडते आणि बुटाचे पुढचे टोक त्याहून आवडते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार दाखवून दिल्यापासून कितीतरी जीव वाचले, पण बूट झटकून घालणे त्याहून स्वस्त. गमबूट दोन खुंट्यांवर पालथे अडकवावेत. पाणीही निथळते आणि आत कोणी शिरत नाही. दरवाजा लावलेले बंद कपाट चपलांसाठी शोभते खरे, पण चिखलाचे पायताण त्यात वाळत नाही, कुबट वास येतो. चपला वाळायला वारा लागतो. शक्य असेल तर पाय धुवायला नळ आणि खडबडीत फरशी ओट्याच्या बाहेरच घ्या. निम्मा चिखल तिथेच राहील.

खताच्या गोण्यांनाही सोपा नको. युरिया हवेतली ओल ओढून घेतो, त्याचे दगड होतात आणि भिंतीच्या प्लास्टरलाही क्षार लागतात. २०१८ पासून ४५ किलोची झालेली ती गोणी शेडमध्ये लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर ठेवावी.

राहिल्या पावत्या. वजनकाट्याची पावती बहुतेक घरांत आजही तारेला टोचलेली किंवा कॅलेंडरमागे खोचलेली सापडते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि हिशेब पडताळायचा झाला तर हातात तीच पावती लागते. काही पावत्यांचा कागद असा येतो की उन्हात आणि उकाड्यात अक्षरे उडून जातात. दाराच्या आतल्या बाजूला, उन्हापासून दूर, झाकणाची एक उथळ पेटी लावावी. आलेली पावती त्या दिवशी तिच्यात टाकायची, आणि आठवड्याला वहीत उतरवून ट्रंकेत. शेअर सर्टिफिकेट व सात-बारा पहिल्यापासून ट्रंकेतच.

नवे घर बांधत असाल तर हे सगळे प्लास्टरच्या आधी मिस्त्रीला सांगा, म्हणजे खुंटीच्या जागी लाकडी गुटका भिंतीतच बसवता येतो. आणि औषधाच्या कपाटाची किल्ली त्या पाच खुंट्यांवर अडकवू नका. ती घरातल्या कर्त्या माणसाच्या कमरेलाच असावी.