थ्री नॉट थ्री आणि भोपाळची पलटण

भोपाळहून इंदूरच्या रस्त्याला लागलं की तासाभरात सिहोर येतं. 1857 मध्ये इथल्या भोपाळ कंटिंजंट या फौजेच्या शिपायांनी बंड केलं. त्या वर्षी शिपायांत धुमसत होतं ते एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसावरून. कागदी वेष्टण दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, वर गोळी ठासायची. आणि त्या वेष्टणाला गाईडुकरांची चरबी लावलेली, अशी बोलवा. कंटिंजंट मोडलं. 1859 मध्ये इंग्रजांनी सिहोरलाच नवी पलटण उभारली, भोपाळ लेव्ही. हीच पुढची नववी भोपाळ इन्फन्ट्री. 1914 मध्ये ती फ्रान्सला गेली तेव्हा शिपायांच्या हाती पुन्हा एन्फिल्डच होती, ली-एन्फिल्ड रायफल. नाव तेवढं जुनं, यंत्र पार वेगळं.

एन्फिल्ड हे लंडनच्या उत्तरेचं कारखान्याचं गाव. ‘ली’ म्हणजे स्कॉटलंडमध्ये जन्मून अमेरिकेत कसब दाखवलेला जेम्स पॅरिस ली. बोल्ट आणि मॅगझिन त्याचं. भारतीय तुकड्यांना मार्सेय बंदरात जुन्या रायफली बदलून नव्या मिळाल्या. वजन चार किलोच्या आसपास, नळीचा व्यास .303 इंच. त्यावरूनच थ्री नॉट थ्री.

हिची खरी करामत बोल्टमध्ये, म्हणजे काडतूस नळीत ढकलून ती बंद करणाऱ्या दांड्यात. जर्मन माउझरचा बोल्ट पुढच्या टोकाला अडकतो, लीचा मागच्या. त्यामुळे तो कमी अंतर सरकतो. मूठ खाली वळलेली, चापाच्या अगदी जवळ. बोल्ट पुढे ढकलतानाच आतली कमान ताणली जाते, म्हणून उचलायला हलका. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, पाच-पाचच्या दोन पट्ट्यांनी भरायच्या. मिनिटाला पंधरा नेमके बार, ही इंग्रज शिपायाची कसोटी होती. एकच खोड: काडतुसाच्या बुडाला कडा असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे यायला हवी. उलट बसली की ऐन वेळी अडकलंच.

ऑक्टोबर 1914 मध्ये फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या चिखलात पलटणीची वाताहत झाली. पण पलटणीला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मेसोपोटेमियात, आणि तिथे रायफलचा काही संबंध नव्हता. 13 जानेवारी 1916, वादीची लढाई. शिपाई छट्टा सिंग उघड्यावर जखमी पडलेल्या आपल्या कमांडिंग ऑफिसरकडे धावला, त्याची जखम बांधली, खणायच्या हत्याराने आडोसा खोदला आणि अंधार पडेपर्यंत पाच तास स्वतःच्या देहाची ढाल करून राहिला. मला ही रायफल आठवली की ते खणायचं हत्यार आधी दिसतं.

थ्री नॉट थ्री मोडेना, म्हणून सुटेनाही. 1962 मध्ये आपले जवान हीच घेऊन हिमालयात उभे होते, समोर चिन्यांच्या हाती स्वयंचलित शस्त्रं. त्यानंतर इच्छापूरच्या कारखान्याने हाच साचा 7.62 मिलिमीटरच्या काडतुसासाठी पुन्हा घडवला, मॅगझिन बारा गोळ्यांचं. एसएलआर ही नवी रायफल आल्यावर जुन्या रायफली पोलिसांकडे सरकल्या आणि तिथेच राहिल्या. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर दहशतवाद्यांच्या एके-47 समोर पोलिसांच्या हाती त्याच होत्या. एवढं जुनं शस्त्र हाती असणं हा दोष रायफलचा नव्हे.

भोपाळच्या पलटणीची 1922 मध्ये सोळाव्या पंजाब रेजिमेंटची चौथी बटालियन झाली. ‘भोपाळ’ कंसात उरलं. फाळणीत ती रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. त्याच वर्षी काश्मीरात युद्ध पेटलं, आणि दोन्ही बाजूंच्या शिपायांच्या हाती एकच रायफल होती.