वादळानंतर घराचें छप्पर

संस्कृतांत ‘वंश’ हा शब्द कुळालाहि लावतात आणि छपराच्या लांकडांनाहि. आपला मराठी ‘वांसा’ त्याच शब्दापासून आला आहे. घर फिरलें कीं घराचे वांसेहि फिरतात, ही म्हण आपण माणसांच्या बाबतींत योजतों. परंतु वांसे अक्षरशः कसे फिरतात हें कोंकणानें अलीकडे पाहिलें आहे. सन २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्यांत श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि श्रीवर्धनापासून मंडणगड-दापोलीपर्यंत असंख्य घरांचीं छपरें उघडीं पडलीं. पुढच्याच वर्षीं, मे महिन्यांत, ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलें. दोन्ही वेळीं पावसाळा तोंडावर होता. वादळाचा घाव एका दिवसाचा असतो. त्यामागून येणारा चार महिन्यांचा पाऊसच दुर्लक्षित घराचा खरा नाश करतो.

वारा छपराला ढकलून खालीं पाडतो अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः पुष्कळदां तो छप्पर वर उचलतो. आढ्यावरून वेगानें वाहणाऱ्या वाऱ्यामुळें पलीकडच्या पाख्यावर, तसाच कडांवर व कोपऱ्यांवर, हवेचा दाब कमी होतो. त्याच वेळीं उघड्या खिडकीदारांतून शिरलेला वारा खालून रेटा देतो. मंगळुरी कौल दोन-अडीच किलो वजनाचें असतें आणि मागच्या उंचवट्यानें रिपेला अडकून बसतें. नळीचें कौल तर केवळ स्वतःच्या भारावर टिकून असतें. वरून ओढ आणि खालून रेटा यांपुढें त्यांचा निभाव लागत नाहीं. यावरून दोन गोष्टी ध्यानांत याव्यात. वादळांत ‘हवा खेळूं द्यावी’ म्हणून खिडक्या उघडणें हें घातक होय. आणि मागाहून हानि शोधतांना ज्या बाजूनें वारा आला तेवढीच बाजू पाहून समाधान मानूं नये.

वारा एकाएकीं पडला म्हणून लगेच अंगणांत धांवूं नये. चक्रीवादळाचा मध्य डोक्यावरून जात असतां कांहीं वेळ शांतता असते, आणि मग वारा उलट दिशेनें परततो. वादळ गेल्याची खात्री झाल्यावर प्रथम विजेचें मुख्य बटण बंद करावें. पडलेल्या तारेच्या जवळहि जाऊं नये.

पहिली पाहणी जमिनीवरूनच करावी. घरापासून दूर उभें राहून आढ्याची रेषा न्याहाळावी. ती मध्येंच खचलेली किंवा एका टोंकास कललेली दिसली, तर प्रश्न कौलांचा नसून लांकडांचा आहे असें समजावें, आणि त्या छपराखालीं कोणालाहि निजूं देऊं नये. रेषा सरळ असल्यास आढ्यावरचे कोने, वळचणीची कड आणि दोन पाखीं जेथें मिळतात ती पन्हळ, या तीन जागा क्रमानें पाहाव्या. पालापाचोळ्यानें तुंबलेली पन्हळ एकहि कौल न फुटतां घरांत पाणी आणते.

दुसरी पाहणी आंतून करावी. भर दुपारीं माळ्यावर जाऊन दिवा न लावतां वर पाहावें; जेथें कवडसा पडेल तेथें कौल सरकलें आहे. जवळच्या वांशावर खडूनें खूण करून ठेवावी. पाणी जेथें ठिबकतें तेथेंच वर भोंक असतें असें मात्र नाहीं. तें वांशावरून हात-दोन हात वाहत येऊन मग गळतें. म्हणून ओलीच्या डागापासून चढाच्या दिशेनें माग काढीत जावें. या कामीं घरांतील स्त्रियांस अवश्य विचारावें. कोणत्या खोलींत कोठें पातेलें ठेवावें लागलें, हें त्यांना जितकें ठाऊक असतें तितकें सुतारालाहि नसतें. लांकडांत चाकूचें टोंक टोंचून पाहावें. तें लोण्यांत शिरावें तसें शिरलें, तर तो वांसा केवळ नांवाचा उरला आहे.

पत्र्याचें छप्पर असल्यास खिळे व आंकडे यांभोंवतीचीं भोंकें तपासावीं. वाऱ्यानें हलून हलून तीं लांबट झालेलीं असतात, आणि पुढच्या वादळांत पत्रा तेथूनच सुटतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतें. त्याची धूळ फुप्फुसांस फार अपायकारक आहे; म्हणून फुटके तुकडे झाडूं नयेत, करवतीनें कापूं नयेत, पाण्यानें भिजवून ओलेच उचलावे.

कांहींहि हलविण्यापूर्वीं चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. तलाठ्याच्या पंचनाम्यास तीं उपयोगीं पडतात, विम्यासहि पडतात. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांनीं ‘भारत गृह रक्षा’ या नांवाचा एकसारखा घरविमा सुरू केला. त्यांत वादळ व पूर यांनीं झालेली हानि येते.

मग तात्पुरता आडोसा. ताडपत्री भोंकापुरती टाकली तर वरून येणारें पाणी तिच्याखालीं शिरतें. ती आढ्यावरून पलीकडे न्यावी आणि दोरानें वांशांना बांधावी. नुसते दगड ठेवल्यास वारा ताडपत्रीबरोबर दगडहि खालीं आणतो. ओल्या कौलांवर शेवाळ असतें, म्हणून चढणें तें माहितगारानेंच, खालीं एक माणूस उभा ठेवून. घरांतील उत्साही तरुणांना या वेळीं आवरणें हें वडीलधाऱ्यांचें काम आहे.

कायमच्या दुरुस्तींत एक युक्ति सांगण्यासारखी आहे. मंगळुरास बासेल मिशननें १८६५ मध्यें कौलांचा कारखाना काढला, आणि पुढें तसे पुष्कळ निघाले. प्रत्येकाचा सांचा थोडा निराळा. त्यामुळें नवीं कौलें जुन्यांत बिनचूक बसत नाहींत आणि त्या फटींतून पाणी येतें. यास्तव पडवीचीं धड जुनीं कौलें काढून माजघराच्या पाख्यावर लावावीं, आणि पडवी सबंध नव्या कौलांनीं शाकारावी. कडेच्या व आढ्याजवळच्या ओळी गंज न चढणाऱ्या तारेनें रिपांना बांधाव्या, आणि वांसे भिंतीवरच्या लांकडास लोखंडी पट्टीनें जखडावे. ओलें लांकूड सुकण्याआधीं झांकूं नये. बुरशी व वाळवी तेथूनच सुरू होतात.

इतकें सर्व ठाऊक असूनहि घरें पडतात, याचें कारण छपरांत नसून कुटुंबांत असतें. आमच्या पाहण्यांतील एक घर तीन भावांचें सामाईक होतें. वादळांत आढ्याजवळचीं आठ-दहा कौलें तेवढीं सरकलीं होतीं. एका दिवसाच्या मजुरीचें काम. परंतु शहरांत राहणारे दोघे म्हणाले, जो राहतो त्यानें करावें. राहणारा म्हणाला, ज्यांचा वांटा आहे त्यांनींहि द्यावें. पत्रव्यवहार दोन पावसाळे चालला. तिसऱ्या वर्षीं आढें मोडलें तेव्हां तिघांनीं मिळून जें दिलें, त्यांत तें छप्पर अनेक वेळां शाकारून झालें असतें. आणि देवघराची भिंत गेली ती गेलीच. दोष कोणा एकाचा नव्हता. पण पाऊस वांटण्या पाहून पडत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं, सामाईक घर असलेल्या कुटुंबानें छपरासाठीं म्हणून एक निराळी रक्कम दरवर्षीं बाजूस काढावी, आणि ती खर्च करण्याचा अधिकार जो घरांत राहतो त्यास निःशंकपणें द्यावा. हिशेब मागाहून पाहावा. कौल आधीं बसवावें. शास्त्रकारांचा ‘स्थूणानिखनन’ नांवाचा एक न्याय आहे: खांब हालवून हालवून पाहावा आणि पुन्हां ठोकावा, म्हणजे तो पक्का होतो. दरवर्षीं वैशाखांत घरच्या मंडळींनीं एकत्र जमून आपलें छप्पर असें हालवून पाहावें. वांसे पक्के होतील, आणि त्या निमित्तानें भाऊ-भाऊहि एका आढ्याखालीं चार दिवस बसतील.